टाकेशीज कॅसलचा तो राजा नेमका कोण? बीट ताकेशीच्या करिअरबद्दल जरा सविस्तर

प्रश्न असा आलाय: लहानपणी पोगोवर टाकेशीज कॅसल बघायचो, त्यात किल्ल्यात बसलेला तो राजा म्हणजे जपानचा मोठा फिल्म डायरेक्टर आहे असं आत्ता कळलं, हे खरं का, आणि कॉमेडी सोडून तो सिनेमात कधी गेला?

पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात, हो. दुसऱ्या भागात मात्र प्रश्नच जरा गंडलाय, कारण त्याने कॉमेडी सोडलीच नाही, आणि माझ्या मते हीच त्याच्या करिअरची सगळी गंमत आहे.

मी जपानी दुभाष्याचं आणि सबटायटलचं काम करतो, वीसेक वर्षं झाली. त्यातला भरपूर वेळ जपानी व्हरायटी शो ऐकण्यात, मागे घेऊन परत ऐकण्यात आणि "हा आत्ता काय पुटपुटला" म्हणून डोकं धरून बसण्यात गेला, आणि सगळ्यात जास्त डोकं ज्याने खाल्लं तो हाच माणूस. तोंडातल्या तोंडात बोलतो, वाक्य अर्ध्यात सोडतो, मध्येच मान झटकतो, आणि दर दोन वाक्यांमागे "बाकायारो". डिक्शनरीत बघाल तर ती शिवी आहे, गाढवा, मूर्खा वगैरे. त्याच्या तोंडी तो निव्वळ स्वल्पविराम आहे. नवीन पोरं प्रत्येक ठिकाणी "मूर्खा" लिहून ठेवतात आणि सबटायटल वाचणाऱ्याला वाटतं हा माणूस सतत भांडतोय.

कितानो ताकेशी, जन्म १८ जानेवारी १९४७, टोकियोच्या आदाची वॉर्डातला. कामगार वस्ती. वडील घरांना रंग देणारे रंगारी, दारूडे. आई साकी एकदम कडक, पोरांनी शिकलंच पाहिजे या मताची. मोठा भाऊ मासारू शिकला, मेइजी युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगचा प्रोफेसर झाला. हाही १९६५ ला त्याच युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला लागला आणि सोडून दिलं. मग काही वर्षं इकडेतिकडे कामं, आणि १९७२ ला अासाकुसा.

अासाकुसा म्हणजे टोकियोचा जुना थिएटरांचा भाग, एकेकाळी गजबजलेला, पण टीव्ही आल्यावर त्याची रया गेली होती. तिथे फ्रान्स-झा नावाचं स्ट्रिप थिएटर होतं, आणि बायकांच्या आयटममध्ये जी गॅप असायची त्यात कॉमेडियन लोक छोटी प्रहसनं करायचे. लोक बायका बघायला आलेत, तुम्हाला बघायला कोणीच आलेलं नाही, आणि तरी त्यांना हसवायचंय. ताकेशी तिथे लागला तो लिफ्टमन म्हणून. थिएटरचा मुख्य कॉमेडियन होता फुकामी सेनझाबुरो, एका हाताची बोटं कामात गमावलेला, टीव्हीवर कधी फारसा न दिसलेला, पण अासाकुसात ज्याचा शब्द चालायचा असा उस्ताद. त्याने ह्याला टॅप डान्स शिकवला. शिकवण एकच, लोकांनी आपल्याला हसायचं नाही, आपण लोकांना हसवायचं. ऐकायला एकच वाटतं, पण ह्या दोन्हीत केवढा फरक आहे ते तमाशाच्या बोर्डावर उभा राहिलेला कोणीही सांगेल.

पुढे थिएटरमधलाच कानेको, जो नंतर बीट कियोशी म्हणून प्रसिद्ध झाला, ह्याला म्हणाला की चल, मान्झाई करू. मान्झाई म्हणजे दोघं जण, एक माइक, प्रॉपर्टी काही नाही. एक वेडगळ बोलतो त्याला बोके म्हणतात, दुसरा त्याला टोकून जागेवर आणतो तो त्सुक्कोमी. आपल्या बतावणीतल्या सोंगाड्याला कोणीतरी "अरे काय बरळतोयस" म्हणणारा लागतोच ना, तसंच. फुकामीला हे अजिबात पटलं नाही, त्याच्या लेखी स्टेजवर अभिनय करणं म्हणजे कला आणि माइकसमोर उभं राहून नुसतं बोलणं म्हणजे काहीच नाही. पण हे दोघं गेलेच. जोडीचं नाव पडलं टू बीट, आणि म्हणून बीट ताकेशी. आजही अभिनय आणि टीव्ही ह्या नावाने, डायरेक्शन मात्र कितानो ताकेशी ह्या खऱ्या नावाने.

१९८० ला जपानमध्ये मान्झाईची लाट आली, फुजी टीव्हीच्या शोमधून, आणि टू बीट एकदम वर. ताकेशी सुसाट बोलायचा, कियोशी मध्ये मध्ये फक्त "योशिनासाइ" म्हणजे "पुरे कर आता" एवढंच. त्यांचा एक आयटम होता, सरकारी छापाच्या घोषणांचं विडंबन. त्यातली एक तर म्हणीसारखी झाली: लाल सिग्नल, सगळे मिळून ओलांडला तर भीती नाही. जपानी माणसाला हे बरोबर झोंबतं, एकट्याने नियम मोडायला घाबरणारा समाज घोळक्यात काय करतो त्यावर टिचकी आहे ती. (पुण्यात हा जोक सांगून बघितलाय, कोणी हसत नाही, कारण आपल्याकडे तो जोक नसून वाहतुकीची पद्धत आहे.)

दुसरी घोषणा सांगतो, कारण तिच्यावर मी दोन दिवस घालवलेत. घरोघरी सुरक्षेच्या सूचना असतात ना, झोपण्याआधी दारं-गॅस नीट बंद करा वगैरे. जपानीत बंद करण्याला शिमेरु. आणि गळा आवळण्यालाही शिमेरु, लिपीत अक्षर वेगळं पण कानाला एकच. तर ताकेशीची घोषणा अशी की झोपण्याआधी नीट शिमेरु करा, आईबापाचा गळा. आता हे मराठीत आणायचं कसं? "बंद करा" म्हटलं की मेलं. शेवटी आवळणं सापडलं, नळही आवळतात, गॅसचा कॉकही आवळतात: "झोपण्याआधी घट्ट आवळा, आईबापाचा गळा." यमकही फुकटात मिळालं. ज्या क्लायंटसाठी केलं त्याने ते काढायला लावलं, फॅमिली ऑडियन्स म्हणे. असो. पण ह्यातून त्याची जात कळते. सरकारी सूचनेचा गंभीर सूर तसाच ठेवायचा आणि शेवटच्या शब्दाला पाय ओढायचा.

इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे, टू बीटचे सगळे जोक असे अचूक नव्हते. म्हाताऱ्या, दिसायला साध्या बायका, खेड्यातले लोक, ह्यांच्यावर तुटून पडणं हा त्यांचा मोठा धंदा होता, कियोशी यामागाताचा म्हणून यामागाताची टिंगल कायम. त्या काळी ते बंडखोर वाटलं. आज ऐकताना निम्म्या ठिकाणी मला हसू येत नाही, आणि ताकेशीचे भक्त "तो काळच तसा होता" म्हणतात तेव्हा त्या काळातल्या म्हाताऱ्यांना कोणी विचारलं होतं का, असं मनात येतं.

लाट दोन-तीन वर्षांत ओसरली, बऱ्याच जोड्या विरल्या. ताकेशी टिकला तो एकट्याने बोलायला लागल्यामुळे. १ जानेवारी १९८१ पासून निप्पोन होसो ह्या रेडिओ स्टेशनवर गुरुवारी रात्री एक ते तीन, ऑल नाइट निप्पोन. समोर लेखक ताकादा फुमिओ, त्याचं काम मुख्यत्वे ठसका लागेपर्यंत हसणं. १९९० च्या डिसेंबरपर्यंत चाललं ते. अभ्यासाच्या नावाखाली जागणारी अख्खी एक पिढी ह्या प्रोग्रॅमवर पोसली, आणि त्यातली काही पोरं तर घरदार सोडून स्टेशनच्या दारात येऊन उभी राहायला लागली, मला शिष्य करा म्हणून. त्यांची झाली ताकेशी गुंदान, ताकेशीची फौज. त्यातलाच एक, सोनोमान्मा हिगाशी, पुढे २००७ ला मियाझाकी प्रांताचा गव्हर्नर झाला, निवडून येऊन!

त्याच १९८१ ला फुजीवर ओरेताची ह्योकिनझोकु हा कॉमेडी शो सुरू झाला, शनिवारी रात्री आठ. समोर दुसऱ्या चॅनलवर ड्रिफ्टर्स ह्या कॉमेडी मंडळींचा शो, १९६९ पासूनचा, १९७३ ला ज्याचं रेटिंग ५०.५ टक्क्यांवर गेलेलं, म्हणजे विचार करा. ड्रिफ्टर्सचं सगळं घोटून तालीम केलेलं, लाइव्ह, सेटसुद्धा ठरल्या सेकंदाला कोसळणार. ह्योकिनझोकुत ह्याच्या बरोबर उलट, ताकेशी सुपरहिरोचे कपडे घालून ताकेचानमान व्हायचा, समोर व्हिलन म्हणून साम्मा हा दुसरा कॉमेडियन, आणि दोघंही स्क्रिप्ट सोडून एकमेकांना हसवायच्या मागे, कॅमेरामागचा स्टाफ हसतोय तेही ऐकू येतंय. १९८५ ला ड्रिफ्टर्सचा शो बंद पडला. साम्मा, तामोरी आणि ताकेशी ह्या तिघांना मग बिग थ्री म्हणायला लागले. तामोरीचा दुपारचा शो तर १९८२ ते २०१४ असे ८,०५४ भाग चालला, पण तो विषय वेगळ्या उत्तराचा आहे.

१९८३ च्या फेब्रुवारीत फुकामी गेला. अासाकुसातल्या त्याच्या खोलीला आग लागून. सांगतात की बातमी आली तेव्हा ताकेशी ह्योकिनझोकुच्या शूटिंगला होता, काही बोलला नाही, भिंतीकडे तोंड केलं आणि टॅपच्या स्टेप्स करायला लागला.

त्याच वर्षी डायरेक्टर ओशिमा नागिसाच्या मेरी ख्रिसमस मिस्टर लॉरेन्समध्ये तो युद्धकैद्यांच्या छावणीतला सार्जंट हारा झाला. स्वतःचं काम बघायला गुपचूप थिएटरात जाऊन बसला, आणि तो पडद्यावर आल्याबरोबर पब्लिक हसलं. गंभीर सीन, लोक हसतायत. फुकामीचा नियमच मोडला ना, ह्याने हसवलं नव्हतं, लोक हसले होते. त्यानंतर त्याने ठरवून खुनी, गुन्हेगार असले रोल घेतले, टीव्हीवर ओकुबो कियोशी ह्या खऱ्याखुऱ्या सीरियल किलरचा रोलसुद्धा. तेही सोमवार ते रविवार बाकीचे कॉमेडी शो चालू ठेवून.

आता तुमचा किल्ला. जपानी नाव फूउन ताकेशी-जो, १९८६ ते १९८९, टीबीएस चॅनल, योकोहामाच्या मिदोरियामा स्टुडिओच्या मोकळ्या जागेत. शंभरावर साधे लोक, पुढे सेनापती तानी हायातो, दगडांवरून उड्या, चिखल, शेवटी पाण्याच्या पिचकाऱ्यांची लढाई, जिंकलात तर दहा लाख येन, आणि जिंकायचं जवळपास कोणी नाही. आपल्याकडे जावेद जाफरीने त्यावर हिंदीत जी काही धमाल केली ती पूर्णपणे त्याची, मूळ शोशी तिचा काही संबंध नाही, आणि मी दोन्ही बघितलेत, सांगतो, दगडांवरून पडणाऱ्यांच्या बाबतीत जावेदचं जास्त भारी आहे. ताकेशीचं काम त्यात म्हटलं तर किरकोळ, वर बसून माजोरड्या राजासारखं बघायचं. आणि काही भागांत तर तो राजा तो नाहीयेच. त्याच्या चेहऱ्याचं कागदाच्या लगद्याचं भलंमोठं डोकं घालून दुसराच कोणी फिरतोय. कारण मधल्या काळात साहेब टीव्हीवरून बाद झाले होते.

९ डिसेंबर १९८६ ची पहाट. फ्रायडे नावाच्या फोटो-साप्ताहिकाचा रिपोर्टर ताकेशीच्या ओळखीतल्या एका तरुण मुलीच्या मागे लागला होता, त्यात तिला दुखापत झाली. ताकेशी फौजेतली अकरा पोरं घेऊन त्यांच्या ऑफिसात घुसला, छत्र्या, आग विझवायचे सिलिंडर, मारामारी, अटक. १९८७ च्या जूनमध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली, ती दोन वर्षांसाठी स्थगित. सात-आठ महिने स्क्रीनवरून गायब. ह्यातला योगायोग असा की घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, त्याच्या कल्पनेतून बनलेली व्हिडिओ गेम बाजारात आली, ताकेशी नो चोसेनजो. नोकरी सोडायची, बायकोला घटस्फोट द्यायचा, माइकमध्ये खरंच गाणं म्हणायचं, एका ठिकाणी तर कंट्रोलरला तासभर हात न लावता बसून राहायचं. जपानमधल्या सगळ्यात बेकार गेम्सच्या यादीत ती आजही मानाने असते. पोरांनी पैसे भरलेत आणि हा त्यांना तासभर नुसतं बसवतोय!

परत आल्यावर सगळे चॅनल त्याला घ्यायला तयार होते, आणि इथून पुढचा होस्ट ताकेशी मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो. आपल्याकडे होस्ट म्हटलं की डोळ्यांसमोर केबीसी येतं, एक माणूस, तोच बोलणार, तोच पुढे नेणार. जपानी शोमध्ये तसं नसतं. कार्यक्रम पुढे ढकलायचं काम अनाउन्सरचं, पाठ्यपुस्तकासारखं स्वच्छ जपानी बोलणारा, वेळ सांभाळणारा. मोठं नाव असलेला माणूस शेजारी बसतो आणि त्याचं काम असतं मोडता घालणं. म्हणजे मान्झाईच, फक्त माइकच्या जागी अख्खा स्टुडिओ. ताकेशीने आयुष्यभर हेच केलं, बाजूला एक सरळमार्गी माणूस ठेवला. आधी कियोशी. शेवटी शेवटी २००८ पासून टीबीएसच्या शनिवार रात्रीच्या न्यूज शोमध्ये आझुमी शिनइचिरो, जो गंभीर बातमी वाचतोय आणि हा शेजारी बसून कशावरून तरी भलतंच सुरू करतोय.

पण ह्यातली सगळ्यात झकास जोडी फुजीवरच्या हेइसेइ क्योइकु इइनकाइमधली, १९९१ चा शो. सेट म्हणजे शाळेचा वर्ग. बाकांवर सेलिब्रिटी, ताकेशी मास्तर, आणि प्रश्न कुठले तर माध्यमिक शाळांच्या खऱ्या प्रवेश परीक्षांचे, गणित, विज्ञान, सगळं. अकरा-बारा वर्षांच्या पोरांचे प्रश्न आणि मोठमोठ्या लोकांना घाम फुटलेला. वर्गाचा मॉनिटर होता इत्सुमी मासाताका, पूर्वीचा न्यूज अनाउन्सर, चष्मा, भांग, एकदम सज्जन. ताकेशी कायम त्याच्या मागे, आणि इत्सुमी खरोखरच्या हुशार विद्यार्थ्यासारखा चिडणार. सप्टेंबर १९९३ ला इत्सुमीने स्वतः पत्रकार परिषद घेऊन कॅन्सर झाल्याचं सांगितलं, आणि २५ डिसेंबरला तो गेला. त्यानंतरही शो चालला, चांगला चालला, पण मला तरी मॉनिटरची जागा रिकामीच दिसते.

मास्तरचा रोल त्याला एवढा का शोभला ते आईकडे बघितलं की कळतं. ताकेशी फेमस झाल्यापासून साकीबाई त्याच्याकडे सतत पैसे मागायच्या, हा वैतागायचा. शेवटच्या दिवसांत तिने त्याच्याच नावाचं पोस्टाचं पासबुक त्याच्याकडे पोहोचवलं, सगळे पैसे जसेच्या तसे साठवलेले, जवळपास एक कोटी येन. त्यानेच लिहून ठेवलंय हे. १९९९ ला ती गेली तेव्हा हा माणूस कॅमेऱ्यांसमोर ढसाढसा रडला, शिव्या नाहीत, जोक नाही.

सिनेमाकडे येतो. १९८९ चा वायोलंट कॉप मुळात फुकासाकु किंजी हा डायरेक्टर करणार होता, ताकेशी फक्त हिरो. पण ह्याची टीव्हीची रेकॉर्डिंग्ज थांबवता येईनात, तारखा जुळेनात, फुकासाकु बाहेर पडला आणि डायरेक्शन ह्याच्याच गळ्यात आलं. म्हणजे कॉमेडी सोडून सिनेमात गेला हे तर राहूच दे, टीव्ही सोडला नाही म्हणून तो डायरेक्टर झाला!

आणि त्याचे सिनेमे बघताना मला सारखी मान्झाई दिसते. कॅमेरा स्थिर, माणसं नुसती उभी, कोणी काही बोलत नाही, शांतता लांबते, लांबते, आणि एकदम गोळी. जपानीत त्या थांबण्याला मा म्हणतात, दोन वाक्यांमधली मोकळी जागा, ती अर्धा सेकंद चुकली तर जोक पडतो. त्याने जोकच्या जागी गोळी ठेवली, इतकंच. एडिटिंगबद्दल तो स्वतः गणितातल्या फॅक्टरायझेशनचं उदाहरण देतो: एका माणसाने चौघांना मारलं तर चार खून दाखवायचे कशाला, एक दाखवा, मग तो चालत जाताना बाकीचे पडलेले दाखवा, एक्स कंसाबाहेर काढला की झालं. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेल्या माणसाचंच डोकं हे. १९९३ चा सोनातिने बघा, ओकिनावाच्या बीचवर लपून बसलेले गँगस्टर, मरण समोर, आणि हे वाळूत लुटुपुटूची सुमो खेळतायत.

२ ऑगस्ट १९९४ ला पहाटे शिंजुकुमध्ये त्याचा स्कूटरचा अपघात झाला, चेहऱ्याची उजवी बाजू निकामी. तरी सप्टेंबरमध्ये तो वाकडा चेहरा घेऊनच प्रेससमोर आला. (मान झटकायची सवय मात्र अपघातामुळे नाही, ती आधीपासूनची, १९८० च्या दशकातले मिमिक्रीवाले तीच करायचे.) बरा होताना चित्रं काढायला लागला, तीच चित्रं त्याच्या हाना-बी ह्या सिनेमात आहेत, आणि हाना-बीला १९९७ ला व्हेनिसचा गोल्डन लायन मिळाला. त्यानंतर तो काय झाला? काही नाही, परत येऊन स्टुडिओत विचित्र वेष घालून प्लॅस्टिकचा हातोडा घेऊन शिरायला लागला, निप्पोन टीव्हीच्या सेकाइ मारुमिएमध्ये तर हे नेहमीचंच. तो ह्याला लंबक म्हणतो. एका बाजूला जेवढा वर जाशील तेवढाच दुसऱ्या बाजूलाही गेलं पाहिजे. भारतात आपण असा माणूस मोठा झाला की त्याला आधी शाल घालतो आणि मग त्याचं हसवणं बंद करतो.

२०१८ ला त्याने स्वतःच्या नावाचीच कंपनी सोडली, २०२२ ला तो शनिवारचा न्यूज शो, २०२३ ला त्याचा कुबी हा सिनेमा आला. आणि ३१ डिसेंबर २०१९ ला, बहात्तराव्या वर्षी, एनएचके चॅनलच्या कोहाकु ह्या वर्षाखेरीच्या गाण्यांच्या कार्यक्रमात उभं राहून त्याने अासाकुसा किड हे स्वतःचं गाणं म्हटलं, दोन कंगाल मान्झाई करणाऱ्या पोरांचं. सूर यथातथाच होता.

कुठून बघायला सुरुवात करू असं पुढे विचारालच, तर सरळ झातोइची लावा, २००३ चा. तलवारबाजी आहे, रक्त आहे, बोअर होणार नाही. शेवटी सगळं गाव लाकडी खडावा घालून टॅप डान्स करतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला कळत नाही की सामुराईच्या पिक्चरमध्ये हे कुठून उपटलं. तुम्हाला आता माहितीये, ते फ्रान्स-झातून आलंय.